‘मी बिफोर यू’ संपवून आधी रडले, मग चिडले, यातलं खरं कुठलं?

तुझा प्रश्न परवा रात्री वाचला आणि काल अख्खा दिवस डोक्यात घोळत होता, म्हणून जरा सविस्तरच लिहिते. वयाने तू माझ्या लेकीएवढी आहेस म्हणून तू म्हणतेय, चालेल ना. मी डोंबिवलीत २२ वर्षं लायब्ररी चालवते, आणि त्यातली १० वर्षं महिन्यातून एका शनिवारी कॉलेजच्या मुलामुलींचा वाचनगट घेते, त्यामुळे तुझ्यासारखं रडवेलं तोंड करून पुस्तक परत द्यायला आलेली मंडळी मी खूप पाहिलीयत. काउंटरवर पुस्तक ठेवतात आणि म्हणतात काकू, असं कसं हो केलं तिने. तिने म्हणजे लेखिकेने.

तू लिहिलंयस ते थोडक्यात असं, की तू २३ वर्षांची आहेस, जोजो मोयेसचं ‘मी बिफोर यू’ रात्री दोनपर्यंत जागून संपवलंस, उशीत तोंड खुपसून रडलीस, त्याच तिरीमिरीत पाच स्टार दिलेस. दोन दिवसांनी भांडी घासताना अचानक इतका राग आला की हात पुसून ते पाचाचे दोन केलेस. आता तीन आठवडे झाले, दुसरं पुस्तक उघडलं की चार पानांवर बंद होतं. भाऊ म्हणतो गोष्टच आहे ती, एवढं काय. आणि तू विचारतेयस की मी जास्तच सेन्सिटिव्ह आहे का, की पुस्तकच फसवं आहे, आणि अशी पुस्तकं वाचणं सोडून द्यावं का.

(ज्यांनी हे पुस्तक वाचलेलं नाही आणि वाचायचंय त्यांनी पुढे वाचू नका, मला शेवटाबद्दल बोलावंच लागणार आहे.)

तर पहिली गोष्ट, तू हळवी आहेस का हा प्रश्न मला यात दिसतच नाही. तू एका पुस्तकाला दोन निकाल दिलेस, एक रात्री दोनला आणि एक दोन दिवसांनी भांड्यांपाशी, आणि आता तुझा स्वतःच्या दोन्ही निकालांवरचा विश्वास उडालाय. पुढचं पुस्तक हातात टिकत नाहीये ते त्यामुळे. मनात भीती आहे की हेही मला रडवेल, मग मी परत चिडेन, मग माझं खरं मत काय ते मलाच कळणार नाही. ही अडचण खरी आहे आणि ती हळव्या माणसांनाच येते असं अजिबात नाही.

आता काही गोष्टी तुझ्या परिस्थितीवर आहेत आणि त्या मला इथून दिसत नाहीत. गेल्या वर्षभरात घरात कोणी गेलंय का, कोणी अंथरुणाला खिळून आहे का, एखादं नातं तुटलंय का, हे तू लिहिलेलं नाहीस आणि लिहायलाच हवं असंही नाही, पण यातलं काही असेल तर पुढे जे सांगतेय त्याचा अर्धा भाग वेगळा लागू होईल. आणि दुसरं म्हणजे, पुस्तक वाचवत नाहीये एवढंच असेल तर काळजीचं कारण नाही, पण झोप लागत नाही, जेवण जात नाही, कशातच मन लागत नाही असं दोन-दोन आठवडे चालू असेल तर पुस्तक फक्त निमित्त आहे. तेव्हा डॉक्टरांशी बोल, नाहीतर सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, तिथे फोन कर, मराठीतही बोलता येतं. हे मी प्रत्येकाला सांगते, तुला वेगळं काढून नाही.

रडण्याबद्दल मला जे समजलंय ते एका जुन्या मराठी शब्दाने समजलं. न. चिं. केळकर १९२१ साली बडोद्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, तिथल्या भाषणात त्यांनी ‘सविकल्प समाधी’ अशी कल्पना मांडली. शब्द जड वाटतो पण अर्थ सोपा आहे. वाचणारा माणूस पात्राच्या आत शिरतो, त्याचं सुखदुःख आपलं म्हणून भोगतो, ही झाली समाधी. पण आपण म्हणजे आपणच, खुर्चीत बसलोय, हातात पुस्तक आहे, हे भान त्याच वेळी कुठेतरी शाबूत असतं, हा विकल्प. दोन्ही एकदम चालू असतात आणि वाचनाचा आनंद त्यातून येतो, असं केळकरांचं म्हणणं. शंभर वर्षं झाली त्याला, आणि आजच्या रोमान्स कादंबऱ्या वाचणाऱ्या मुलींना समजावताना मला यापेक्षा उपयोगी काही सापडलेलं नाही.

कारण बघ, या कादंबऱ्यांची सगळी बांधणीच अशी असते की समाधी गडद व्हावी आणि विकल्प विझत जावा. बहुतेक वेळा गोष्ट सांगणारी मुलगी ‘मी’ म्हणून बोलते, प्रकरणं छोटी, प्रत्येक प्रकरणाचा शेवट असा की आता दिवा बंद करवत नाही, आणि तू ते वाचलंस कधी तर रात्री अकरा ते दोन, एकटी, अंगावर पांघरूण, मोबाइल चार्जिंगला लावलेला. त्या तीन तासांत तू लू क्लार्क होतीस, म्हणजे गोष्ट सांगणारी नायिका. तिच्या बाजूला बसून तिच्याकडे बघणारी तू तिथे जवळजवळ नव्हतीसच. मग दोन दिवसांनी भांडी घासताना तू परत आलीस. हात साबणात, डोकं मोकळं, आणि आपण कुठे जाऊन आलो याकडे पहिल्यांदा बाहेरून बघितलंस. राग तेव्हा आला. म्हणजे रात्रीचं मत भावनेच्या भरातलं म्हणून खोटं आणि नंतरचं शांत डोक्याचं म्हणून खरं, असा हिशोब मी नाही करत. रात्री तू पुस्तकाच्या आत होतीस, भांड्यांपाशी बाहेर होतीस, दोन्हीकडून बघितल्याशिवाय पुस्तक पूर्ण दिसत नाही.

आता त्याच पुस्तकात हे कसं घडवून आणलंय ते बघू, कारण तू फसवं म्हणालीस आणि तो आरोप तपासून बघण्यासारखा आहे.

‘मी बिफोर यू’ २०१२ चं पुस्तक. विल ट्रेनर मोटरसायकलच्या धडकेत मानेखाली लुळा झालाय, आईवडिलांनी त्याच्याकडून सहा महिने मागून घेतलेत, त्यानंतर तो स्वित्झर्लंडला डिग्निटास नावाच्या, इच्छामरणाला मदत करणाऱ्या संस्थेत जाऊन आयुष्य संपवणार आहे. लू त्याच्या सोबतीला नोकरीवर येते, तिला हे नंतर कळतं, आणि मग ती ठरवते की मी याचं मन बदलीन. तुझ्या लक्षात आलं का बघ, सुरुवातीचं प्रकरण सोडलं, जिथे अपघात होतो, तर त्यानंतर विलच्या डोक्यात आपल्याला कधीच शिरू दिलेलं नाही. बहुतेक पुस्तक लू सांगते. मध्ये एकेक प्रकरण त्याच्या आईला मिळतं, वडिलांना मिळतं, नर्स नेथनला मिळतं, लूच्या बहिणीलासुद्धा मिळतं. फक्त त्याला नाही. त्यामुळे तो हसला की लूला वाटतं जमलं, आणि आपल्यालाही वाटतं जमलं. तो मैफिलीला आला, लाल ड्रेसमधल्या लूकडे बघत राहिला, आपण मनात लिहून टाकलं की आता हा जात नाही. त्याने तसं एकदाही म्हटलेलं नाही. आपण लूच्या डोळ्यांनी बघत होतो आणि लूला जे हवं होतं तेच आपल्याला दिसत होतं.

माझ्या मते हे कसब आहे, फसवणूक नाही. फसवणूक तेव्हा झाली असती जेव्हा विलने मन बदललंय असं लेखिकेने आपल्याला सांगितलं असतं आणि मग शेवटी उलटवलं असतं. इथे सगळं पहिल्यापासून टेबलावर आहे, तारखेसकट. आणि अजून एक बघ, तुझा राग पुस्तकात आधीच आहे. मॉरिशसच्या किनाऱ्यावर लू त्याला सगळं सांगते आणि तो म्हणतो तरीही मी जाणार, तेव्हा ती इतकी चिडते की परतीच्या विमानात त्याच्याशी बोलतसुद्धा नाही, नोकरी सोडून घरी जाऊन बसते. लू आधी चिडली आणि मग स्वित्झर्लंडला गेली, तू आधी रडलीस आणि मग चिडलीस, क्रम तेवढा उलटा.

पण याने तुझा राग चुकीचा ठरत नाही, आणि इथे जरा थांबायला हवं, कारण राग दोन जातींचा असू शकतो आणि तुझा कुठला ते तुलाच बघावं लागेल.

एक राग असतो करार मोडल्याचा. रोमान्स नावाच्या कादंबरीत वाचणारा आणि लिहिणारा यांच्यात एक न लिहिलेला करार असतो. खरं तर लिहिलेला पण आहे, अमेरिकेत रोमान्स लिहिणाऱ्यांची संघटना आहे, १९८० पासूनची, त्यांच्या व्याख्येत दोनच गोष्टी आहेत, गोष्टीच्या मध्यभागी प्रेमकथा हवी आणि शेवट मनाला समाधान देणारा, आशेचा हवा. वाचणारे त्याला एचईए म्हणतात, हॅपिली एव्हर आफ्टर. तुला कुणीतरी मस्त लव्ह स्टोरी आहे म्हणून हे पुस्तक दिलं असेल, गोड कव्हर बघून तू तो करार मनात धरून बसलीस आणि शेवटच्या ५० पानांत तो मोडला. या अर्थाने ते पुस्तक रोमान्स नाहीच, ती एक प्रेमाची शोकांतिका आहे. हा राग रास्त आहे पण तो पुस्तक देणाऱ्यावर काढायचा. मी स्वतः हे काउंटरवर केलेलं आहे, एका मुलीला तिची आजी जाऊन महिनासुद्धा झाला नव्हता आणि मी तिला हलकंफुलकं म्हणून एक पुस्तक दिलं ज्यात शेवटी मरण होतं, मला विसर पडला होता. तिने ते परत आणून दिलं तेव्हा काही बोलली नाही, आणि तेव्हापासून मी देताना विचारते की शेवट गोड हवा का, आणि विचारण्यात मला काही कमीपणा वाटत नाही.

दुसरा राग नैतिक असतो. २०१६ ला या पुस्तकाचा सिनेमा आला तेव्हा लंडनमध्ये प्रीमिअरच्या वेळी अपंग कार्यकर्त्यांनी निदर्शनं केली होती. त्यांचं म्हणणं असं की व्हीलचेअरवरच्या माणसाचं जगणं जगण्यालायक नाही आणि त्याने मरून दुसऱ्याला मोकळं करणं हे प्रेम, असं ही गोष्ट सांगते, आणि वर तो पैसे ठेवून जातो म्हणजे लूचं आयुष्य सुरू व्हावं. यावर उलट बाजूनेही बोललं जातं की विल हा एक माणूस आहे, सगळ्या अपंगांचा प्रतिनिधी नाही, आणि निर्णय त्याचा आहे. मी स्वतः यात निदर्शकांच्या बाजूला जास्त झुकते, कारण आमच्या गटात एक मुलगा व्हीलचेअरवरून यायचा, त्याने पुस्तक वाचून एवढंच विचारलं होतं की तुम्ही सगळे शेवटी रडलात, पण विलने मरायचं ठरवलं ते तुम्हाला समजण्यासारखं वाटलं ना? तो धडधाकट असता तर वाटलं असतं? खोलीत कुणाकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं. आपण ज्या शेवटावर रडलो तो आपल्याला किती सहज पटला होता, हे मला त्या दिवशी कळलं.

तर भांड्यांपाशी तुला यातलं काय टोचलं? मला असं हवं नव्हतं हे, की असं असायला नको हे? दोन्ही थोडंथोडं असेल तरी चालेल.

आता हे ओळखायचं कसं. मी गटात एक साधी पद्धत वापरते, तीच सांगते. पान नंबर लिहायचा. रडू आलं तर वहीत नुसता पान नंबर, राग आला तर पान नंबर, पोटात फुलपाखरं उडाली तरी पान नंबर. बाकी काही लिहायचं नाही, त्या वेळी विश्लेषण करत बसलं तर वाचनाची मजा जाते. स्टार त्या रात्री द्यायचे नाहीत. तिसऱ्या दिवशी तेवढीच पानं उघडून दिवसाच्या उजेडात परत वाचायची आणि प्रत्येकापुढे एक ओळ लिहायची. बस. तू आता हे मागून कर, आठवून पानं शोध, तीन-चार सापडतीलच.

याने काय होतं ते सांगते. आमच्या गटात हेच पुस्तक नऊ जणींनी वाचलं होतं आणि सगळ्या म्हणाल्या शेवटी रडलो. पानं काढायला लावली तर त्यातल्या चौघी शेवटाला रडल्याच नव्हत्या. त्या रडल्या होत्या लूच्या वाढदिवसाला, जिथे विल तिला काळ्यापिवळ्या पट्ट्यांचे, मधमाशीसारखे टाइट्स भेट देतो, कारण तिने कधीतरी बोलता बोलता सांगितलेलं असतं की लहानपणी तसे होते आणि मला फार आवडायचे. मी विचारलं इथे रडण्यासारखं काय आहे, तर एक म्हणाली, माझं बोलणं असं लक्षात ठेवणारं घरात कुणी नाही. आता हे रडू पुस्तकाचं की तिचं? दोघांचं. पुस्तकाने दार उघडलं आणि आत जे होतं ते तिचं होतं. पण हे कळलं नसतं तर ती आयुष्यभर म्हणत राहिली असती की मी विलसाठी रडले.

कधी कधी रडण्यातला मोठा वाटा पुस्तकाच्या बाहेरचाच असतो. जॉन ग्रीनच्या ‘द फॉल्ट इन अवर स्टार्स’वरून आपल्याकडे ‘दिल बेचारा’ केला, तो जुलै २०२० मध्ये घरोघरी मोबाइलवर पाहिला गेला, आणि सुशांतसिंग राजपूत जाऊन तेव्हा दीड महिनाही झाला नव्हता. त्यात लॉकडाऊन. लोक रडले ते गोष्टीतल्या मुलासाठी की त्या नटासाठी की घरात कोंडलेल्या स्वतःसाठी, हे कुणी वेगळं करू शकलं नसतं आणि त्या वेळी करायची गरजही नव्हती. पण त्यानंतर मूळ पुस्तक मागायला आलेल्या मुलींपैकी दोघीतिघींनी ते अर्धवट परत केलं, म्हणाल्या आम्हाला वाटलं तसं रडू नाही आलं. त्यांना ते पुस्तकाचं अपयश वाटलं. मला नाही वाटत. त्यांना जे रडायचं होतं ते रडून झालेलं होतं.

रडू आणि राग सोडून तिसरी एक प्रतिक्रिया असते, तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं, ती म्हणजे लाज, ज्याच्याबद्दल वाटू नये त्याच्याबद्दल माया वाटली याची. तू विचारलेलं नाहीस पण तुझ्या पुढच्या वाचनात येणारच म्हणून सांगते. कॉलीन हूवरचं ‘इट एंड्स विथ अस’ २०१६ चं, पण आमच्याकडे त्याची मागणी खूप उशिरा सुरू झाली, रील्समधून. टिकटॉक आपल्याकडे २०२० लाच बंद झालं होतं तरी तिकडची लाट इन्स्टावरून इथे पोचली. हे किशोरांचं पुस्तक नाही, मोठ्यांचं आहे, तरी मागायला येतात नववी-दहावीच्या मुली. त्यात राइल नावाचा देखणा सर्जन आहे, लिलीवर जीव टाकणारा, पहिली शंभरेक पानं तो असा रंगवलाय की वाचणारी त्याच्या प्रेमात पडलीच पाहिजे. मग एके दिवशी स्वयंपाकघरात ओव्हनमधलं गरम भांडं काढताना त्याचा हात भाजतो, लिली हसते, आणि तो तिला जोरात ढकलून पाडतो. लगेच माफी, रडणं, समजावणं. आणि वाचणारी काय करते, तर ती पण माफ करते. मीही केलं होतं माफ पहिल्यांदा वाचताना, वय वर्षं ५१.

आमच्या गटातली एक १६ वर्षांची मुलगी हे पुस्तक घेऊन आली आणि म्हणाली, काकू पण त्याने सॉरी म्हटलं ना, त्याचं लहानपण किती वाईट होतं. इतर मुली तुटून पडल्या तिच्यावर, रेड फ्लॅग वगैरे. ती गप्प झाली, डोळे भरले. मी त्या दिवशी चर्चा थांबवली आणि तिला चिकटवायचे पिवळे कागद दिले, म्हटलं घरी जा आणि राइल जिथे जिथे सॉरी म्हणतो त्या प्रत्येक पानाला एक लाव, तो जिथे हात उचलतो त्याला पण लाव, मग दोन्ही पानांच्या मध्ये किती जाडी आहे ते बोटाने बघ. पुढच्या वेळी ती आली, पुस्तक उभं धरून दाखवलं, आणि म्हणाली बघा ना, कागद जवळ जवळ येत गेलेत. मी एक वाक्य बोलले नाही. ते पुस्तक लिहिणारीने शेवटी टीप लिहिलीय की यामागे तिच्या आईचं आयुष्य आहे, आणि गोष्टीचा डावच हा आहे की लिलीसारखं तुम्ही पण त्याला माफ करत जावं म्हणजे बाहेरून ‘सोडून का नाही देत’ म्हणणं किती सोपं असतं ते कळेल. ज्या मुलीला राइलबद्दल वाईट वाटलं तिनेच पुस्तक सगळ्यात नीट वाचलं होतं. रेड फ्लॅग ओरडणाऱ्या मुली बाहेरूनच बघत होत्या, त्यांना समाधी लागलीच नव्हती.

एक मात्र सांगते, सगळीच पुस्तकं इतकी प्रामाणिक नसतात. मत्सर म्हणजे प्रेम, पाळत ठेवणं म्हणजे काळजी, मनगट पकडून भिंतीला टेकवणं म्हणजे पॅशन, असं शेवटपर्यंत धरून चालणारी पण खूप पुस्तकं माझ्या कपाटात आहेत आणि ती वाचतानाही पोटात फुलपाखरं उडतातच. शरीराला फरक कळत नाही. म्हणून तिसऱ्या दिवशीचा उजेड लागतो. ज्या पानावर रात्री धडधडलं ते पान दिवसा वाचताना आपल्या मैत्रिणीच्या बाबतीत हे झालं असतं तर आपण काय म्हटलं असतं, एवढं विचारलं तरी पुरतं.

इथपर्यंतचं एकदा सांगते म्हणजे सुटणार नाही: रात्रीचं मत ठेव, दोन दिवसांनंतरचं मत ठेव, पानं शोध, आणि त्या पानावर पुस्तकाचं किती आणि तुझं किती ते बघ. स्टार किती द्यायचे ते त्यानंतर. मला विचारशील तर मी त्या पुस्तकाला कसबासाठी चांगले मार्क देईन आणि शेवट ज्या सहजपणे आपल्या गळी उतरवलाय त्यासाठी कापीन, पण ते माझं झालं.

भावाचं बोलणं मनाला लावून घेऊ नकोस. पण त्याला एकदा विचार, १९ नोव्हेंबर २०२३ ला अहमदाबादला वर्ल्ड कपची फायनल हरलो त्या रात्री तो जेवला होता का. आमच्या घरी कुणी धड जेवलं नव्हतं. त्या ११ जणांपैकी एकही त्याला ओळखत नाही, तरी तो दुखावला गेला आणि आपल्यापैकी कुणी त्याला खेळच आहे म्हटलं नसेल. हे त्याला गप्प करायला नाही सांगत, तर त्याला आतून माहीत असलेली गोष्ट त्याच्या लक्षात यावी म्हणून. आणि पुरुष वाचत नाहीत, रडत नाहीत असंही समजू नकोस. मिलिंद बोकीलांची ‘शाळा’ २००४ ची, नववीतला मुकुंद जोशी आणि त्याला आवडणारी शिरोडकर, आणीबाणीच्या काळातलं छोटं गाव. ती पन्नाशीतले पुरुष माझ्याकडून घेऊन जातात आणि परत देताना डोळ्याला डोळा देत नाहीत. म्हणतात बरी आहे. शिरोडकर निघून जाते ते पान आमच्या प्रतीत इतकं हाताळलं गेलंय की बायंडिंग तिथेच उसवलंय, दोनदा शिवून घेतलं. कोण कोण तिथे थांबलं असेल मला माहीत नाही पण पुस्तकाला माहीत आहे.

राहिलं तुझं पुढचं पुस्तक. एक पुस्तक डोक्यातून जात नाही म्हणून दुसरं हातात टिकत नाही, याला पोरी बुक हँगओव्हर म्हणतात. तुला आठवत असेल, ‘द फॉल्ट इन अवर स्टार्स’मधल्या हेझलला पण हाच आजार आहे, म्हणजे कॅन्सर आहेच पण शिवाय हा. तिचं आवडतं पुस्तक वाक्याच्या मध्येच संपतं आणि पुढे त्यातल्या माणसांचं काय झालं हे विचारायला ती पार ॲमस्टरडॅमला लेखकाकडे जाते, आणि तिथे तिला उत्तर मिळत नाही. ‘मी बिफोर यू’चा पुढचा भाग २०१५ ला आलेला आहे, लूचं पुढे काय झालं ते त्यात आहे, पण आत्ता लगेच त्याच्याकडे धावू नकोस. तीन आठवड्यांत तो घेतलास तर तू त्यात विलला शोधशील, आणि विल त्यात असणार नाही, मग त्या पुस्तकावर विनाकारण अन्याय होईल. तशीच दुसरी प्रेमकथा पण नको. माझ्या अनुभवात अशा वेळी दोन गोष्टी चालतात. एक म्हणजे आधी वाचलेलं, शेवट पाठ असलेलं पुस्तक, अगदी शाळेत वाचलेलं असलं तरी चालेल, कारण तिथे कुणी दगा देणार नाही याची खात्री असते आणि वाचायची सवय परत बसते. दुसरं म्हणजे ज्यात ‘मी’ नाही असं काहीतरी, प्रवासवर्णन, स्वयंपाकाचं, पक्ष्यांचं, दहा दहा पानं, दुपारी, खिडकीपाशी. रात्रीचं वाचन पंधरा दिवस बंद ठेव. त्यानंतर रोमान्सच घ्यायचा असेल तर घे, मात्र गोड शेवटाची खात्री करून घे. शेवटचं पान आधी वाचलंस तरी मी काही म्हणणार नाही. लोक त्याला हसतात, पण ज्याला पोहता येतं तोसुद्धा नवीन विहिरीत उडी मारण्याआधी पाणी किती आहे ते विचारतोच की.

आणि वाचणं सोडावं का, तर नको गं. तू एका पुस्तकाशी रात्री एक आणि दिवसा एक असं दोनदा बोललीस, पुष्कळ लोक एकदाही बोलत नाहीत. पानं सापडली की मला कळव, विशेषतः त्या मधमाशीच्या टाइट्सवर तुझं काय झालं होतं ते.